खडी, तगाई आणि धरण : करवीर संस्थानातील दुष्काळनिवारण आणि राधानगरी

१८९६ च्या पावसाळ्यात परतीच्या पावसाने देशावर दगा दिला. खरीप अर्धवट आले आणि रब्बीची पेरणी बहुतेक ठिकाणी झालीच नाही. करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानात या संकटाचे रूप जरा वेगळे होते. संस्थानाच्या पश्चिमेला सह्याद्रीची रांग आहे आणि भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी या नद्या तिथूनच निघतात. आजच्या राधानगरी, दाजीपूरच्या बाजूला पाऊस इतका कोसळतो की भाताशिवाय दुसरे पीक तग धरत नाही. मात्र पूर्वेकडे शिरोळ, आळते आणि गडहिंग्लजच्या काही भागात ज्वारीचे पीक दोन-चार सरींवर अवलंबून असते. पश्चिमेचे पाणी चार महिन्यांत पंचगंगेतून कृष्णेला जाऊन मिळे आणि उन्हाळ्यात नदीकाठच्या गावांनासुद्धा पात्रातल्या डोहांवर भागवावे लागे. पाणी होते, पण लागेल तेव्हा हाताशी नव्हते.

दुष्काळ म्हणजे फक्त धान्याचा तुटवडा, अशी सर्वसाधारण समजूत असते. एकोणिसाव्या शतकातील दख्खनचा दुष्काळ त्याहून मोठा होता. तो सबंध अर्थव्यवहार गोठवणारी मंदी घेऊन येई. पेरणी नसली की खुरपणी, कापणी, मळणी यांची मजुरी बुडते. शेतकऱ्याच्या हाती पैसा नसला की कोष्ट्याचे लुगडे विकले जात नाही, लोहार आणि सुतार रिकामे बसतात, बलुत्याचे दाणे मिळत नाहीत. वैरण नसल्याने बैल मातीमोल किमतीला जातात. ज्वारीचे भाव मात्र त्याच वेळी चढत असतात. बाजारात धान्य दिसते आणि ते विकत घेण्याची ऐपत नाहीशी झालेली असते. म्हणून या काळातील सरकारी मदतीचा मुख्य प्रश्न एकच होता: लोकांच्या हाती खरेदीचे बळ कसे द्यायचे, आणि त्याच्या बदल्यात काय मागायचे?

या प्रश्नाचे ब्रिटिश सरकारने दिलेले पहिले उत्तर कठोर होते. १८७६ ते १८७८ च्या महादुष्काळात ब्रिटिश हिंदुस्थानात ५० लाखांहून अधिक माणसे मेली. धान्याच्या व्यापारात सरकारने हात घालू नये, भाव चढले म्हणजे व्यापारी आपोआप माल आणतील, हे व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या सरकारचे धोरण होते. खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी सर रिचर्ड टेंपल यांना पाठवण्यात आले. १८७७ च्या आरंभी त्यांनी दुष्काळी कामावरच्या पुरुषाची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम, आणि वर एक आणा इतकी खाली आणली. दिवसभर माती आणि दगड उचलणाऱ्या माणसासाठी ती होती. मद्रास इलाख्याचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी या मजुरीवर माणूस काम करत करतच खंगतो, असे आकडे देऊन दाखवले. मुंबई इलाख्यात हजारो मजूर कामे सोडून निघून गेले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली. सभेचे गणेश वासुदेव जोशी या लढ्यात पुढे होते. काही महिन्यांनी मजुरीचे दर वाढवावे लागले. तोवर झालेले मृत्यू मात्र भरून येणारे नव्हते.

याच वर्षी जोतीराव फुले आणि सत्यशोधक समाजाने पुण्याजवळ धनकवडी येथे दुष्काळग्रस्तांच्या मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम चालवला. सहा वर्षांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये फुल्यांनी सरकारला एक सूचना केली. रिकामे असलेले शिपाई आणि पोलीस यांच्याकडून डोंगरउतारांवर ताली आणि बंधारे घालून घ्यावेत, तळी बांधावीत, म्हणजे पावसाचे पाणी शिवारात मुरेल, असे त्यांचे म्हणणे होते. भुकेल्याला आज घास आणि उद्यासाठी पाणी, अशी दुहेरी मांडणी मराठीत इतक्या स्पष्टपणे करणारे ते पहिल्या काही लोकांपैकी होते. पुढे करवीरमध्ये जे घडले ते समजण्यासाठी ही मांडणी लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

सर रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला आणि त्यावरून १८८३ मध्ये दुष्काळ संहिता आली. माणसे जगवणे हे सरकारचे कर्तव्य आहे, ही गोष्ट तिच्यात प्रथमच नियमांच्या भाषेत आली, आणि तिचे हे श्रेय नाकारता येत नाही. पाऊस हुकला की आधी चाचणी कामे काढायची. तिथे गर्दी झाली की दुष्काळ आहे असे समजायचे. मग मोठी कामे सुरू करायची, मजुरी धान्याच्या भावाशी जोडायची, ज्यांना काम झेपत नाही त्यांना फुकट अन्न द्यायचे, सारा तहकूब किंवा माफ करायचा, विहिरी आणि बैलांसाठी तगाई म्हणजे सरकारी कर्ज द्यायचे. या सगळ्यामागे एक संशय मात्र कायम राहिला. मदत आकर्षक झाली तर लोक आळशी होतील, या भीतीने काम जड आणि मजुरी जेमतेम ठेवण्यात आली. बहुतेक ठिकाणी ते काम म्हणजे रस्त्यासाठी खडी फोडणे. खेड्यांत ‘खडीवर जाणे’ हा शब्दप्रयोग पिढ्यान्‌पिढ्या टिकला तो याच अनुभवामुळे. धान्याच्या व्यापारात ढवळाढवळ न करण्याचे तत्त्वही संहितेने जसेच्या तसे ठेवले.

संहितेची खरी परीक्षा १८९६-९७ मध्ये झाली. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून आणि सार्वजनिक सभेमार्फत एक साधे काम हाती घेतले: सरकारचेच नियम शेतकऱ्यांना समजावून सांगायचे. पीक बुडाले असेल तर सारा तहकूब मागण्याचा हक्क आहे, मजुरी इतकी मिळाली पाहिजे, हे गावोगाव कार्यकर्ते सांगत फिरले. सरकारला यात साराबंदीची चिथावणी दिसली. काही कार्यकर्त्यांवर खटले झाले आणि मार्च १८९७ मध्ये सरकारने सार्वजनिक सभेला लोकांची प्रतिनिधी संस्था मानणे बंद केले. सरकारचा छापील कायदा लोकांना वाचून दाखवणे हा गुन्ह्यासारखा मानला गेला. दुष्काळनिवारणावर होणाऱ्या टीकेचा हा एक महत्त्वाचा प्रकार होता: मदत नको असे कोणी म्हणत नव्हते, लिहून दिलेली मदत पोहोचत का नाही, एवढाच सवाल होता.

त्या वेळी करवीरच्या गादीवर छत्रपती शाहू महाराज होते. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला होता. दुष्काळ आला तेव्हा त्यांचे वय बावीस होते. संस्थान मांडलिक, डोक्यावर पोलिटिकल एजंट आणि तिजोरी मर्यादित, अशी स्थिती होती. तरीही दरबारने जी पावले उचलली ती शेजारच्या ब्रिटिश जिल्ह्यांतल्या व्यवहारापेक्षा बऱ्याच बाबतींत वेगळी होती. अण्णासाहेब लठ्ठे आणि धनंजय कीर यांच्या चरित्रांमधून त्याचे चित्र मिळते.

पहिला फरक धान्याच्या बाजारात दिसतो. कोल्हापूर-मिरज रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली होती. रेल्वेने धान्य येऊ शकत होते, तसेच जिथे भाव जास्त तिकडे ते जाऊही शकत होते. बाजार आपले आपण पाहील, या भरवशावर दरबार थांबला नाही. बाहेरून धान्य आणवले गेले आणि स्वस्त धान्याची दुकाने उघडली गेली, त्यामुळे साठेबाजांच्या भावाला पर्याय उभा राहिला. लिटन यांच्या काळापासून शिरोधार्य मानलेल्या तत्त्वाला हा सरळ छेद होता.

दुसरा फरक जनावरांबाबतचा. संस्थानाची राखीव जंगले चराईसाठी खुली करण्यात आली आणि वैरणीची सोय झाली. राधानगरी आणि भुदरगडकडची रानेच या वेळी पूर्वेकडच्या गुरांना आधार ठरली. शेतकऱ्याचा बैल जगला तर पुढच्या मृगाला तो स्वतःच्या पायावर उभा राहतो, नाहीतर सावकाराच्या दारात जातो. ज्या राजपुत्राचे बालपण कागलच्या घाटगे घराण्यात गेले, त्याला हे कोणी शिकवावे लागले नसावे. बियाण्यासाठी आणि बैलांसाठी तगाईही वाटण्यात आली.

कामेही निघाली: रस्ते, विहिरी, तळी. वृद्ध आणि अपंगांसाठी आश्रयगृहे उघडली. या सगळ्यात एक बारीकशी सोय विशेष उल्लेखण्याजोगी आहे. कामावर येणाऱ्या बायकांची तान्ही मुले सांभाळण्यासाठी कामाच्या ठिकाणीच पाळणाघरासारखी व्यवस्था करण्यात आली. उन्हात मूल झाडाला बांधून खडी फोडणाऱ्या बाईचे दृश्य त्या काळी सगळीकडे होते, आणि संहितेतल्या मजुरीच्या तक्त्यांत ते कुठेच मावत नव्हते. महाराजांनी स्वतः गावोगाव फिरून परिस्थिती पाहिली. डोंगराकडच्या वाड्यांपर्यंत ते घोड्यावरून पोहोचत, असे वर्णन त्यांच्या चरित्रांत येते.

लोक जरा सावरतात तोच प्लेग आला, आणि त्यापाठोपाठ १८९९-१९०० चा दुसरा, अधिक मोठा दुष्काळ. १९०० च्या उन्हाळ्यात देशभर सरकारी मदतीवर असलेल्यांची संख्या ६० लाखांच्या वर गेली. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांनी १८९९ मध्येच भूमिका मांडली होती: उधळेपणाची दया तिजोरीला धोक्यात आणते आणि सरसकट वाटलेले दान लोकांचा स्वावलंबनाचा कणा मोडते. टेंपल यांच्या काळचाच संशय बावीस वर्षांनी अधिक सभ्य भाषेत पुन्हा बोलला गेला. जिथे चार वर्षांत दोन दुष्काळ आणि एक प्लेग येऊन गेला, तिथे उपासमारीने खचलेल्या माणसाच्या स्वावलंबनाची चिंता करणे म्हणजे प्रश्न उलटा धरणे होय.

याला समर्थ उत्तर रमेशचंद्र दत्त यांनी दिले. माजी सनदी अधिकारी असलेल्या दत्तांनी १९०० मध्ये कर्झन यांना खुली पत्रे लिहून दाखवले की मदतकार्य कितीही वाढवले तरी जबर शेतसारा शेतकऱ्याकडे शिल्लकच ठेवत नाही. त्यामुळे एका हुकलेल्या पावसात तो कोसळतो. दादाभाई नौरोजी हीच गोष्ट, हिंदुस्थानची संपत्ती इंग्लंडला वाहून जाते, या आपल्या सिद्धांतातून मांडत आले होते. सरकारला १९०२ मध्ये शेतसाऱ्याच्या धोरणावर सविस्तर ठराव काढून उत्तर द्यावे लागले. म्हणजे टीका दोन्ही बाजूंनी होती. एक बाजू म्हणे मदत फार होते, दुसरी म्हणे मदत उशिरा आणि थोडी होते, आणि दुखण्याचे मूळ तसेच राहते. इतिहासाने दुसऱ्या बाजूला न्याय दिला आहे.

मुळाकडे वळण्याची सुरुवात याच काळात झाली. सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रीफ यांच्या अध्यक्षतेखाली १९०१ ते १९०३ या काळात पाटबंधारे आयोगाने देशभर पाहणी केली. करवीर संस्थानानेही १९०२ च्या सुमारास पाटबंधाऱ्यांचे स्वतःचे धोरण आखले आणि विहिरी, तळी, बंधारे यांची मोजदाद आणि दुरुस्ती हाती घेतली. त्याच वर्षी २६ जुलैला मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. या दोन गोष्टी सहसा वेगवेगळ्या प्रकरणांत सांगितल्या जातात. कुणब्याच्या पोराला नोकरी आणि कुणब्याच्या शेताला पाणी, या एकाच धोरणाच्या दोन बाजू होत्या.

लहान तळ्यांनी भागणार नाही हे उघड होते. पश्चिमेचा पाऊस अडवल्याशिवाय पंचगंगेचे खोरे उन्हाळ्यात कोरडेच राहणार होते. १९०७ मध्ये भोगावतीवर मोठा तलाव बांधण्याचा निर्णय झाला. जागा ठरली ती दाजीपूरच्या रानाखाली, फेजिवडे गावाजवळ. नदी तिथे दोन डोंगरांच्या मधून बाहेर पडते. तलावाला महाराजांच्या पत्नी महाराणी लक्ष्मीबाई यांचे नाव देण्यात आले. जवळ नवी पेठ वसवली, तिला महाराजांच्या कन्या राधाबाई यांच्या नावावरून राधानगरी म्हणू लागले. त्यांचा विवाह १९०८ मध्ये देवासच्या तुकोजीराव पवारांशी झाला होता. १९०९ मध्ये प्रत्यक्ष बांधकाम सुरू झाले.

एका छोट्या संस्थानाने स्वतःच्या तिजोरीतून एवढे काम उचलणे ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती. नीरेचा डावा कालवा १८७६ च्या दुष्काळात मदतीचे काम म्हणून निघाला होता, पण त्याच्या पाठीशी मुंबई सरकार होते. राधानगरीचे वेगळेपण असे की दुष्काळ सरला असताना, कोणाचा रेटा नसताना, पुढच्या दुष्काळासाठी हे काम काढले गेले. पैशाची ओढाताण मात्र पहिल्यापासून होती. १९१८ पर्यंत सुमारे १४ लाख रुपये खर्च होऊन भिंत ४० फुटांपर्यंत आली, आणि तिथे काम थांबले. महायुद्धाने महागाई वाढवली होती. त्याच वर्षी पाऊस पुन्हा हुकला आणि इन्फ्लुएन्झाच्या साथीने देशभर घरे ओस पाडली. ६ मे १९२२ रोजी शाहू महाराजांचे निधन झाले. धरण त्यांनी पुरे झालेले पाहिले नाही. अर्धवट भिंतीमागे साठलेले थोडे पाणी तेवढे भोगावतीत सोडले जाऊ लागले.

पुढची दोन दशके ही भिंत जवळपास तशीच उभी राहिली, आणि त्याच मधल्या काळात १९२९ ची जागतिक मंदी आली. या वेळी पाऊस हुकला नव्हता. पीक होते, भाव नव्हता. शेतमालाच्या किमती दोन-तीन वर्षांत निम्म्यावर आल्या. सारा आणि कर्जाचे हप्ते मात्र रोख रकमेत ठरलेले होते, त्यामुळे त्यांचा भार दुप्पट झाला. अमेरिकेत रूझवेल्ट यांच्या सरकारने १९३३ पासून बेकारांना कामे दिली, टेनेसी नदीच्या खोऱ्यात धरणांची मालिका उभारली. तिथेही टीकाकार तेच बोलत होते: सरकार पालापाचोळा गोळा करण्याचे पैसे देते, लोकांना आयते खायची सवय लागते. टेनेसीच्या खोऱ्यात धरणे उभी राहत होती तेव्हा हिंदुस्थान सरकार काटकसर समित्या नेमून खर्च छाटत होते, आणि फेजिवड्याला चाळीस फुटांची भिंत वाट पाहत होती. मंदीच्या काळात मजूर स्वस्त आणि रिकामे असतात. अशा वेळी थांबवलेले काम हे दुहेरी नुकसान असते.

शाहू महाराजांचे पुत्र राजाराम महाराज यांच्या कारकिर्दीच्या अखेरीस काम पुन्हा हाती घेतले गेले. १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९५० च्या दशकात धरण पूर्ण झाले. आज त्याची उंची सुमारे ४२ मीटर आणि साठवणक्षमता ८.३६ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. पाण्याचा दाब वाढला की आपोआप उघडणारे सात दरवाजे ही त्याची ओळख. पायथ्याला वीज तयार होते. राधानगरीचे पाणी नदीतच सोडले जाते. खाली कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा संपला की त्यांत बरगे बसवतात, पाणी अडते, आणि दोन्ही काठांवरच्या पाणीपुरवठा संस्था ते उपसून शेतापर्यंत नेतात. या पाण्यावर ऊस आला, परित्याला भोगावती साखर कारखाना उभा राहिला आणि खोऱ्याचे अर्थकारण पालटले. याची किंमतही आहे. धरणाच्या वरच्या अंगाची शिवारे पाण्याखाली गेली आणि उसाखालच्या जमिनी जास्त पाण्याने क्षारपड होण्याचा प्रश्न खालच्या तालुक्यांना आज भेडसावतो.

महाराष्ट्राची पुढची परीक्षा १९७२ ची. सलग तीन वर्षे पाऊस कमी झाला. मराठवाडा, नगर, सोलापूर, सांगलीचा पूर्व भाग होरपळून निघाला. पंचगंगेच्या काठाने मात्र उपशाचे पंप सुरू होते. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या सरकारने राज्यभर कामे काढली आणि मे १९७३ मध्ये त्यांवर सुमारे ५० लाख माणसे होती. कामावर सुकडी मिळे, रेशनवर अमेरिकेहून आलेला लाल मिलो. भूकबळींची ती जुनी रांग या वेळी लागली नाही, आणि स्वतंत्र भारतातील दुष्काळनिवारणाचे हे मोठे यश आहे. पण काम पुन्हा बहुधा खडीचेच होते. रस्त्याकडेला रचलेले खडीचे ढीग वर्षानुवर्षे पडून राहिले.

यातून रोजगार हमी योजना रुजली. तिचे जनक वि. स. पागे तासगाव तालुक्यातील विसापूरचे, म्हणजे कोल्हापूरच्या शेजारचेच. विधान परिषदेचे सभापती असताना त्यांनी मागेल त्याला काम ही कल्पना लावून धरली. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. खर्चासाठी १९७५ पासून शहरांतल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. कर्झन यांच्या जागी आता मोठे बागायतदार होते. मजूर मिळत नाहीत, मजुरी चढली, ही त्यांची तक्रार होती. मजूर चळवळींची तक्रार उलटी होती: काम दूर, पगार उशिरा, हजेरीपटावर खोटी नावे. तिसरी टीका अधिक खोल होती. पाझर तलाव मजुरांनी खोदला, पण पाणी उतरले ते विहीर असलेल्या जमीनवाल्याच्या शेतात. भूमिहीनाच्या पदरात फक्त त्या दिवसाची मजुरी पडली. मोठ्या शेतकऱ्यांचा आक्षेप म्हणजे योजना यशस्वी होत असल्याची कबुलीच होती, कारण कामावर जवळजवळ निम्म्या बाया होत्या आणि त्यांना प्रथमच पाटलाच्या दाराखेरीज दुसरे दार मिळाले होते. उरलेल्या दोन तक्रारी खऱ्या होत्या आणि पुढचे कायदे त्यांच्यामुळे सुधारले.

२००५ मध्ये संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला तो महाराष्ट्राच्या या अनुभवाच्या आधारावर. त्याच्या मूळ अनुसूचीत कामे अग्रक्रमाने दिली होती. पहिला क्रमांक जलसंधारण आणि जलसंचयाचा होता. गावच्या रस्त्यांचा आठवा.